मादाम थिबोदोंची झडती

"उतरा खाली, मादाम. आणि हसू नका."

"हसू नको तर काय रडू, साहेब? रोजचंच आहे तुमचं!" ओझेली थिबोदो फोर्डमधून उतरली.

अमेरिकेत दारूबंदी होती, सीमेपलीकडे कॅनडातल्या क्वेबेकात दारू खुली. त्यामुळे वर्माँटच्या या नाक्यावर येणारी प्रत्येक गाडी संशयित. त्यातही या तरुण विधवेची फोर्ड. ती अलीकडच्या गावात लोणी आणि अंडी विकायला यायची. ही बाई एक ना एक दिवस सापडणार, असं नाक्यावरचा अधिकारी अलॉन्झो पीबडी सगळ्यांना सांगत असे.

आज तर वरिष्ठ व्हिटकॉमसाहेब स्वतः हजर होते. "याच नाक्यावरून दारू आत येतेय," सकाळीच त्यांनी दम दिला होता. "कोणी सापडलं नाही, तर नोकरी गेली समज."

अलॉन्झोनं सीट उचकटली. टायर ठोकून पाहिले. लोण्याच्या गोळ्यात तार खुपसली.

"खुपसा, खुपसा! भोकं पडलेलं लोणी आता तुमच्या बायकोला विकते."

"लग्न झालेलं नाही माझं."

"कसं होणार? मुलगी बघायला गेलात तरी तिची झडती घ्याल!"

रांगेतले ड्रायव्हर खो खो हसले. मागून भोंग्यांचा गजर सुरू झाला. व्हिटकॉमसाहेबांचा पारा चढला.

"पीबडी, बाई फार बोलते. म्हणजे नक्की काहीतरी आहे." त्यांनी कोट काढला आणि थेट चिखलात, गाडीखाली शिरले.

"साहेब, मागची रांग?"

"जाऊ दे सगळ्यांना! आधी ही गाडी!"

अलॉन्झोनं हात दाखवला. दुधाच्या, गवताच्या, लाकडाच्या गाड्या चिखल उडवत निघून गेल्या.

बऱ्याच वेळानं साहेब बाहेर आले, डोक्यापासून पायापर्यंत काळेकुट्ट. सापडलं काहीच नव्हतं. तरी त्यांनी अलॉन्झोची पाठ थोपटली. "चिकाटी आहे तुझ्यात. हिला सोडू नकोस."

"नाही सोडणार, साहेब."

रविवारी दुपारी, सीमेपलीकडच्या आपल्या स्वयंपाकघरात ओझेलीनं वाटाण्याचं सूप वाढलं आणि अलॉन्झोच्या मांडीवर ऐसपैस बसत म्हणाली, "आपले सगळे ट्रक पोचले रे. पुढच्या वेळीही त्या साहेबाला बोलाव."