दगडी

१९८३ साली राणीसावरगावात बायनाबाईला तिसरी मुलगी झाली. आधीच्या दोघी वर्षाच्या आत गेल्या होत्या. म्हणून सासू दगडाबाईनं रीतीप्रमाणे बाळाला उकिरड्यावर ठेवलं, सुपात उचलून घरात आणलं आणि नाव ठेवलं दगडी. दगडाला काळ हात लावत नाही, असं म्हणत.

आठव्या महिन्यात दगडी तापानं फणफणली.

"आत्याबाई, गंगाखेडच्या दवाखान्यात नेऊ हिला," बायनाबाई सासूला म्हणाली.

"कशाला? नाव काय उगंच ठिवलंय का? मला बघ की! साठी उलटली, अजून एक दात हालंना. गावातल्या समद्या दगडाबायांकडं बघ. हाय का कुनाला काई?"

भुजंगनं आईकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं आणि गाडीला जुंपलेले बैल सोडून परत गोठ्यात बांधले.

दुसऱ्या दिवशी दगडी गेली.

दोन वर्षांनी शोभा झाली. ती जगली, आता परभणीत नांदते. भुजंगच्या खिशात मरेपर्यंत तापाच्या गोळ्या असायच्या. दगडाबाई वयाच्या नव्वदीत वारल्या, आणि गाव अजून त्यांचाच दाखला देतं. बायनाबाई आता लेकीकडं असते. बरंच काही विसरते, पण शोभाच्या बारशाला सासूनं घातलेली समजूत तिला शब्दन् शब्द आठवते.

"एक दगडी गेली म्हनून नावावर काय रुसायलीस गं? माझ्या आईच्या बी दोन दगड्या गेल्या, तवा कुठं मी तिसरी दगडी जगले."