घोड्याचा केस

कडूबाईनं डोक्यावरचा पदर जरा मागं सारला, अंबाड्यातून एक लांब केस उपसला आणि दातात धरला. येलदरी धरणाच्या काठावर बसलेल्या पुरुषांच्या विड्या ओठांतच राहिल्या.

नामांतराच्या बंदमुळं त्या दिवशी जिंतूरचा बाजार भरला नव्हता. मासे विकायची घाई नाही, म्हणून सगळी भोई मंडळी पाण्याकाठी रिकामी बसली होती. आणि रिकाम्या माणसाला दुसऱ्याच्या हाताकडं बघायला लय आवडतं.

कडूबाईचा नवरा सिताराम पावसाळ्यात वारला. तो ज्या खडकावर बसून गळ टाकायचा, त्या खडकावर ती आज पहिल्यांदा बसली होती. तिथं पाणी खोल आणि रोहू मोठा. धाकट्या दिराचा, भुजंगचा, त्या जागेवर डोळा होता. खडक गेला तर तिची चूल विझणार, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

तिनं केसाचं एक टोक गळाच्या वळणाला बांधलं आणि दुसऱ्या टोकाला उकडलेला हरभरा अडकवला. हरभरा केसावर लोंबत राहिला, गळ उघडाच.

"काका, बघा!" भुजंग ओरडला. "बाईचा केस पान्यात सोडायलीय ही!"

माणिकराव तिचे चुलत सासरे, काठावर सगळ्यांत वडील. जाळ्यात बाईचा केस निघाला तर जाळं धुवायचं, नारळ फोडायचा, मगच पाण्यात उतरायचं, हे त्यांनी जन्मभर पाळलं आणि सगळ्यांना पाळायला लावलं. ते काठी टेकत आले.

"सूनबाई, केस काढ तो. पानी बाटतंय. मासा रुसून जाईल. अन् ही जागा भुजंगला दे. सितारामसारखा मासा धरनं बाईचं काम न्हाई."

"त्यांच्यासारखाच धरायले मी, मामंजी."

"दादाची करामत येगळी व्हती," भुजंग म्हणाला. "त्यो घोड्याचा केस बांधायचा. जिंतूरच्या टांगेवाल्याकडून आनायचा. मला सोता सांगितलं त्यानं."

"मग तुमी बी आनला असंल की?"

भुजंगनं आणला होता. टांगेवाल्याला फुकट मासे चारून आणला होता. पण तो राठ केस लागला की रोहू हरभरा थुंकून टाकायचा. काठावर दोघं-तिघं खुसखुसले.

कडूबाई उठून उभी राहिली. सासऱ्यापुढं आजवर तिनं पदर ढळू दिला नव्हता. तो तिनं खांद्यावर टाकला आणि अंबाडा सोडला. केस कमरेपर्यंत आले. उजव्या कानामागं मात्र ते विरळ होते, कातडी दिसत होती.

"हे बघा घोडं," ती म्हणाली. "लगीन झाल्यापासून हितलाच केस गेलाय त्यांच्या गळाला. पानी बाटायचं ते कवाच बाटलंय. तुमच्या नातवाच्या जावळाला त्याच पान्यातला रोहू वाढला, मामंजी. तवा बोटं चाटलीत तुमी."

माणिकरावांना सुनेच्या मोकळ्या केसांकडं बघवेना, म्हणून ते पाण्याकडं बघत राहिले.

कडूबाईनं गळ फेकला आणि तशीच, केस मोकळे ठेवून, खडकावर बसली. बऱ्याच वेळानं तंगूस, गळाचा नायलॉनचा दोरा, ताठ झाला. मदतीला कोणी आलं नाही. तिनंही कोणाला हाक मारली नाही. तिनं ओढून काढलेला रोहू चांगला हातभर होता. हरभरा तोंडाबाहेर लोंबत होता आणि लोखंड ओठात रुतलं होतं.

"ऊन लय झालं," म्हणत माणिकराव माघारी वळले. बाकीचेही एकेक करून उठले.

भुजंग मागं घुटमळला. आजूबाजूला कोणी नाही असं बघून हळूच म्हणाला, "वैनी, एक केस द्या की."

"माझा न्हाई मिळायचा. तुमच्या बायकूच्या डोक्यावर हायेत की."

"मालनच्या? मग आत्ताच जाऊन उपटून आनतो."

कडूबाईनं त्याच्याकडं बघितलं.

"उपटू नगा. मागा. तुमचा दादा रोज मागायचा."