उष्टी चकती

नवऱ्याची बढती साहेबांच्या हातात होती, म्हणून ते घरी आले तेव्हा तिने एअर फ्रायरमध्ये कांद्याच्या कुरकुरीत चकत्या केल्या. साहेब अर्धीच चकती खायचे, बोटं चाटायचे आणि त्याच बोटांनी पुढची चाचपायचे. तिला शिसारी आली, पण ती हसत राहिली. ती दुसरा घाणा घेऊन आली, तेव्हा साहेबांनी लाळेने चमकणारी उष्टी चकती तिच्या तोंडासमोर धरली. "वहिनी, तुम्हीही चाखा की!" तिने नवऱ्याकडे पाहिलं. "घे ना गं," तो म्हणाला, "साहेब एवढ्या प्रेमाने देतायत." ती जागची हलली नाही. मग त्यानेच पुढे वाकून आ वासला, चकती साहेबांच्या बोटांसकट तोंडात घेतली आणि मान डोलावली. "वा, काय चव आहे!" तिने घाणा कचऱ्यात ओतला. "आई, आजपासून मी तुमच्या खोलीत झोपते." दारातून सगळं पाहिलेल्या सासूबाईंनी दुसरी उशी काढली.