बांधीतले चाळीस हात

एकशेवीस हात रुंदीच्या धानाच्या बांधीत मधोमध खुंटी ठोकून दोन सारखे भाग केले, आणि प्रत्येक भाग चाळीस हात भरला.

१९७९च्या वैशाखात, दिघोरीला, हे चार वेळा घडले. आपल्यामागे दोघा पोरांनी एकमेकांवर कुऱ्हाड उगारू नये म्हणून आजारी ईश्वरला जिवंतपणीच वाटणी हवी होती. मोजणीसाठी त्याने विज्ञानाचे निवृत्त शिक्षक सुखराम गुरुजी यांना बोलावले होते. गुरुजींनी दोरी बदलली, उलट बाजूने मोजले, अखेर लोखंडी साखळी आणली. सबंध बांधी एकशेवीस, भाग चाळीस. त्यांनी वैतागून साखळी आपटली.

"दादा, उरलेली बांधी तुह्या खिशात तं नाही ना?" धाकटा दयाराम म्हणाला.

"तुह्या बायकोले पूस," म्हणत थोरला हरिचंद त्याच्या अंगावर धावला.

त्यांची आई कौशल्याबाई शिदोरी घेऊन बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "गुरुजी, कायले तरास करून घेता? हरिचंदच्या आधी एक झाला होता. आठ दिवसांचा गेला. तान्ह्या लेकराले जाळत नाही, म्हणून याच बांधीत पुरला."

"त्याचा मोजणीशी काय संबंध, बाई?"

"तुमी त्याले धरलंच नाही."

भाऊ जागच्या जागी थांबले. गुरुजींनी मधली खुंटी उपटली, तीन भाग धरून दोन खुंट्या ठोकल्या आणि साखळी पसरली.

चाळीस. चाळीस. चाळीस.

मग वाटणीपत्रावर त्यांनी फरकाचे कारण स्वच्छ अक्षरांत नोंदवले : वारस तीन.