सभेचे पत्ते

आमच्या फ्रीमेसन लॉजच्या सभा आजवर कुठे कुठे भरल्या, याचा इतिहास श्रीधरपंत लिहीत होते. लॉजमध्ये आम्ही सगळे एकमेकांचे बंधू, जात-धर्म दाराबाहेर. लॉजचा कॅम्पातला बंगला सुटल्यावर तीन वर्षं सभा मकसूदभाईंच्या दिवाणखान्यात भरल्या होत्या.

ते घर यंदा रस्तारुंदीत गेलं. मकसूदभाईंनी पंतांच्या सोसायटीतला रिकामा फ्लॅट भाड्याने मागितला. सोसायटीचे सेक्रेटरी पंतच. "माझी काही हरकत नाही हो, पण बाकीचे मेंबर तयार नाहीत," म्हणाले.

महिन्याभराने पंतांनीच त्यांना फोन केला.

"तुमच्या त्या घराचा पत्ता नीट सांगा, मकसूदभाई. पहिल्याच पानावर छापतो."

मकसूदभाईंनी सावकाश पत्ता सांगितला.



"लिहून घ्या, बंधू. सध्या माझ्याकडे तेवढाच आहे."