बरोबर सुराचा हत्ती

"पुन्हा हत्ती," मास्तर म्हणाले आणि त्यांनी खुर्ची हातभर मागे ओढली.

पडद्यावर गुलाबी हत्ती नाचत होता. त्याच्या सोंडेतून चांदण्या उडत होत्या आणि कुठूनतरी टाळ्यांचा कडकडाट होत होता. कारण काय, तर कॉम्प्युटरसमोर बसलेल्या एका पोरीने व्हायोलिनवर एक सूर बरोबर वाजवला होता. एकच सूर, आणि त्यावर एवढा तमाशा. मास्तरांना शिसारी आली.

खोलीही तसलीच. पोपटी भिंती, टेबलावर बिस्किटांचा चुरा, कीबोर्डवर कसलातरी चिकट डाग. पोरगी ऑफिसातल्याच कुणाची तरी होती. बिस्कीट खाल्लेल्या बोटांनीच ती तारा दाबत होती. मास्तरांच्या शिकवणीत साबणाने हात धुतल्याशिवाय वाद्याला शिवायची कुणाची टाप नव्हती. त्यांनी तिच्या बोटांवरून नजर काढून घेतली, तर ती पुन्हा हत्तीवर पडली.

मुलांना शास्त्रीय संगीताची गोडी लागावी म्हणून मुलीच्या कंपनीने हा गेम काढला होता. मुलाने वाजवायचं, गेमने ऐकायचं. सूर लागला तर हत्ती नाचतो, चुकला तर एक म्हातारा येतो. चित्रं मास्तरांच्या मुलीची. तिने लहानपणीच व्हायोलिन सोडून पेन्सिल हातात धरली होती, आणि तेव्हापासून बापलेकीत औषधपाण्यापलीकडे फारसं बोलणं उरलं नव्हतं. उद्या गेम बाजारात जाणार होता. कंपनीच्या मालकाला जाहिरातीत मास्तरांचं नाव हवं होतं. मुलीला त्यांच्या तोंडून 'बरं केलंस' एवढंच ऐकायचं होतं. सकाळपासून ती त्यांच्यापुढचा पाण्याचा ग्लास उगाचच भरत होती.

पोरीचा सूर घसरला. पडद्यावरचा म्हातारा खुर्चीतून उठला. त्याने डावा डोळा मिटला, ओठ एका बाजूला वाकडे ओढले, दोन बोटं कानात खुपसली आणि तो तरातरा निघून गेला. पोरगी खुदकन हसली. मग तिने मुद्दाम चुकवलं. म्हातारा पुन्हा आला, पुन्हा गेला.

"बघ. मुद्दाम चुकतेय," मास्तर म्हणाले. "तुम्ही संगीत शिकवताय की सर्कस काढलीय?"

"पण बाबा, ती कधीची वाजवतेय. उठायला तयार नाही."

"गुळाला मुंगळेसुद्धा चिकटतात. त्याला रियाज म्हणत नाहीत."

मास्तरांना आता तोंड फुटलं होतं. इतका वेळ गिळलेलं सगळं बाहेर यायला लागलं.

"आणि हा म्हातारा कुठून पैदा केलास? काय ते थोबाड. जगाचा उबग आल्यासारखं. असला माणूस समोर बसला तर पोर वाद्याला हात तरी लावेल का? काढून टाक त्याला."

"काढून टाकू?" मुलीने विचारलं.

"आजच्या आज. आणि तो हत्तीही. हत्तीचा आणि सुराचा काय संबंध? चुकल्यावर म्हातारा चिडतो ना, मग बरोबर आल्यावर त्यानेच हसायला नको? एवढी साधी गोष्ट तुला कळू नये?"

"कळते," मुलगी म्हणाली आणि तिने ग्लास पुन्हा भरला.

मोठ्यांचं बोलणं काही संपेना, तेव्हा पोरीने कंटाळून गज तारेवर जोरात ओढला. दात आंबतील असा आवाज निघाला. मास्तरांचा डावा डोळा आपोआप मिटला. ओठ ओढले गेले. दोन बोटं कानात गेली.

पोरीने पडद्याकडे पाहिलं. मग मास्तरांकडे पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे.

"अय्या," ती म्हणाली, "हे आजोबा तर तुम्हीच आहात."

मास्तरांची बोटं कानातच राहिली. पडद्यावरच्या म्हाताऱ्याने तपकिरी कोट घातला होता, आणि त्याचं वरचं बटण तुटलेलं होतं. मास्तरांनी स्वतःच्या कोटाकडे पाहिलं. शिष्य पाठीमागे त्यांना एरंडेल म्हणत. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, ते शिस्तीबद्दल असावं.

मुलीने पोरीला पाणी प्यायला बाहेर पाठवलं.

"माझी टिंगल केलीस," मास्तर म्हणाले. "घरोघर."

"टिंगल नाही हो बाबा. ते तोंड मला डोळे मिटूनही काढता येतं. वाद्य सुटलं, ते काही सुटलं नाही." ती टेबलावरचा चुरा हाताने गोळा करत राहिली. "ही पोरं त्याला हसतात. हसली की भीती जाते, आणि मग ती पुन्हा वाजवतात. मला तेव्हा हसायचं सुचलं नाही."

मास्तरांनी कोटावरची तुटक्या बटणाची जागा चाचपली. पण हट्टी माणूस, मुद्दा सोडवेना.

"ते असू दे. बरोबर आल्यावर तरी मला हसवायचं होतंस. तिथे हत्ती कशाला घातलास?"

"आधी तेच ठरलं होतं," मुलगी म्हणाली. "किती कागद फाडले, विचारू नका. डोळे जमायचे, मिशा जमायच्या, हसू काही केल्या येईना. तुम्हाला हसताना मी कधी पाहिलंच नव्हतं, बाबा. हत्ती निदान चित्रांच्या पुस्तकात तरी हसताना पाहिला होता."