गल्लीतली मुलं

पाण्याचा टँकर अंगणात उलटा मागे येत होता आणि बिट्टी त्याच्या वाटेत उभी होती.

दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून आईने हे पाहिलं. हेडफोन गळ्यात लोंबत होते, त्यांतून अजून तोफा धडधडत होत्या. ती जिवाच्या आकांताने ओरडली. पाच वर्षांच्या बिट्टीने वर पाहिलं, हात हलवला आणि होती तिथेच उभी राहिली.

आई दाराकडे धावली. दार सताड उघडं. चेंडू खाली पडला म्हणून पोरगी कधी निसटली, कळलंच नव्हतं. कामाला बसली की तिला जगाचं भान राहायचं नाही. काम कसलं, तर नवे गेम बाजारात यायच्या आधी खेळून त्यांतल्या चुका काढायच्या. खेळत बसायचा पगार घेणारी बायको मिळाली, म्हणून नवरा चिडवायचा.

सध्याचा गेम युद्धाचा होता. अख्खं शहर मोकळं, वाटेल त्या गल्लीत शिरा. धूर असा की बघणाऱ्याला खोकला यावा. पायाखाली काच करकरली की अंगावर काटा यायचा. चुकाही होत्याच. रणगाडे भिंतीत रुतून बसायचे. मेलेला सैनिक मध्येच उठून चालू लागायचा. आणि गल्लीत खेळणारी मुलं रणगाडा अंगावर आला तरी जागची हलायची नाहीत. ही चूक तिने कळवली तेव्हा साहेब हसले होते. मुलांना इजा होऊ द्यायची नाही हे आधीच ठरलंय, मग त्यांना पळवायचं कशाला, म्हणाले. तिला पटलं. आई म्हणून बरंही वाटलं.

बिट्टी मात्र त्या आवाजांनी झोपेत दचकायची, भिंतीला चिकटून रडायची. शेवटी आईने तिला मांडीवर घेतलं आणि पडद्यासमोर बसवून तिची भीती घालवली. त्या दिवसापासून पोरगी शांत झोपत होती. आपल्याला बाई जमलं, असं आईला वाटत होतं.

जिना संपता संपेना. टँकरचा मागे येतानाचा भोंगा वाजत होता. मग करकचून ब्रेक लागला आणि भोंगा थांबला. कठड्याला धरून ती कशीबशी अंगणात आली.

टँकर बिट्टीपासून हातभर अंतरावर थांबला होता. ड्रायव्हर खाली उतरून घाम पुसत होता.

"आरशात दिसली म्हणून वाचली, बाई. एवढा भोंगा वाजतोय, तरी ही नुसती बघतेय. ऐकू येत नाही का हिला?"

आईने बिट्टीला उचलून छातीशी आवळलं. तिला हुंदका आवरेना.

"पळाली का नाहीस गं?"

बिट्टीने तळव्याने आईचे गाल पुसले आणि मांडीवर घेऊन समजवावं तशा आवाजात म्हणाली, "घाबरू नकोस. लहान मुलांमधून गाडी आरपार जाते. तूच दाखवलंस ना?"